सातव्या उपक्रमाचा विसर

व्रण भरून आला, टाके निघाले, क्ष-किरण चित्रात अस्थिसंधान झालेले दिसले, की चिकित्सा पूर्ण झाली असे आपण मानतो. रुग्णही तसेच मानतो. परंतु सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात व्रणाचे जे सात उपक्रम क्रमाने सांगितले आहेत, त्यांत रोपण हा सहावा आहे. विम्लापन, अवसेचन, उपनाह, पाटन, शोधन व रोपण यांनंतर आचार्यांनी वैकृतापह हा सातवा उपक्रम सांगितला. व्रण भरल्यावर मागे जी विकृती उरते, ती दूर करणे हेही चिकित्सकाचेच काम आहे, असा त्याचा सरळ अर्थ. या उपक्रमाचा विचार आपण बहुधा त्वचेचा वर्ण आणि रोम यांपुरताच करतो. गुडघ्याला मार लागल्यानंतर किंवा त्यावर शस्त्रकर्म झाल्यानंतर सांध्याच्या आत जी व्रणवस्तू अतिरिक्त प्रमाणात वाढते आणि गुडघा जखडून टाकते, तिचा विचारही याच सातव्या उपक्रमाखाली व्हावा, असे आमचे मत आहे. तो होत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

पालघर जिल्ह्यातील तलासरी तालुक्याच्या पूर्वेस, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत उधवा हे गाव आहे. डहाणू-तलासरीचा हा पट्टा प्रामुख्याने वारली व इतर आदिवासी बांधवांचा. पावसाळ्यात भाताची आवणी, पुढे कापणी, आणि उरलेल्या दिवसांत वापी, सरिगाम, उंबरगाव येथील कारखान्यांत किंवा डहाणूकडच्या चिकूच्या वाड्यांत मजुरी, असा येथील वर्षाचा क्रम आहे. तरुण मुले दुचाकीवरून मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून कामाला जातात. ताडावर आणि खजुरीवर चढणारे अजूनही आहेत. साहजिकच गुडघ्याच्या इजा या भागात नवीन नाहीत. अपघात झाला की रुग्णाला सोय असेल तिकडे नेतात. कोणी सिल्वासाला, कोणी वापीला, कोणी डहाणूला किंवा कासा येथे. शस्त्रकर्म होते, बहुतेक वेळा उत्तम होते. आठ-दहा दिवसांनी रुग्ण घरी परततो. अडचण सुरू होते ती यानंतर.

घरी आल्यापासून पुढचे सहा आठवडे हा रुग्ण कोणाचाच नसतो. ज्यांनी शस्त्रकर्म केले ते दूर, अनेकदा राज्याच्या सीमेपलीकडे. रुग्णालयातून मिळालेल्या कागदावर व्यायाम लिहिलेला असतो, पण तो इंग्रजीत किंवा गुजरातीत. भौतिकोपचार तज्ज्ञ तालुक्याच्या गावीही सहज मिळत नाही. मग उरतो कोण? गावातला हाडवैद्य, औषधाचे दुकान आणि आपण. आदिवासी भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि भरारी पथकांत आपले अनेक पदवीधर बंधू-भगिनी वर्षानुवर्षे काम करीत आहेत. गुडघा वाकेल की जखडेल याचा निकाल लागतो तो नेमका याच सहा आठवड्यांत, आणि त्या काळात रुग्ण आपल्या नजरेसमोर असतो.

सांध्याच्या आत काय घडते, हे थोडक्यात पाहू. इजा किंवा छेद झाला की सांध्यात रक्त साचते, त्याची गुठळी होते आणि तिच्या आधाराने तंतू निर्माण करणाऱ्या पेशी जमतात. त्यांनी विणलेले कोलॅजन ही व्रण भरण्याची नैसर्गिक पायरीच होय. पण काही रुग्णांत ही क्रिया वेळेवर थांबत नाही. टीजीएफ-बीटा यासारखे संदेशद्रव्य चढेच राहते, पेशी आकुंचनशील रूप धारण करतात आणि नवे तंतू विणता विणता ते आखडूनही घेतात. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या बाजूस सांध्याच्या आवरणाची एक पिशवी असते. पाय सरळ असताना ती दुमडलेली असते व गुडघा वाकताना उलगडते. तिच्या भिंती एकमेकींना चिकटल्या, तर वाटी खाली सरकत नाही आणि गुडघा वाकत नाही. वाटीखालचा मेदाचा भाग आखडला, तर वाटीच खाली ओढली जाते. पुढच्या क्रूशिएट बंधाच्या पुनर्रचनेनंतर सांध्याच्या पुढील भागात तंतूंची एक गाठ बनू शकते. १९९० साली जॅक्सन व शेफर यांनी तिचे वर्णन सायक्लॉप्स या नावाने केले. ती असली, तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही. या सर्व अवस्थांना मिळून आधुनिक वैद्यक आर्थ्रोफायब्रोसिस म्हणते.

आपल्या शास्त्राला हे चित्र अपरिचित नाही. शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात जानु हे संधिमर्म असून ते वैकल्यकर आहे आणि त्याच्या आघाताने खंजता येते असे म्हटले आहे. त्याहून अधिक विचार करण्याजोगे आहे ते आणि नावाचे मर्म. जानूच्या वर तीन अंगुळांवर, दोन्ही बाजूंस ते सांगितले आहे. ते स्नायुमर्म आहे, आणि त्याच्या आघाताने शोथ वाढतो व मांडी ताठ होते, असे त्याचे लक्षण दिले आहे. जी पिशवी चिकटल्याने गुडघा अडतो, तिची जागा आणि आणिमर्माची जागा जवळपास एकच. आचार्यांना आजचे सूक्ष्मदर्शी ज्ञान होते असा दावा आम्ही करीत नाही. तसे दावे करण्याची सवय आपल्याला आहे आणि ती सोडलेली बरी. पण वाटीच्या वरच्या भागाला मार लागला तर आधी सूज आणि मग ताठरपणा येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहून नोंदवले होते, एवढे निश्चित.

आता आपल्या चुकांकडे वळू. पहिली चूक अति स्थिरतेची. भग्नाच्या रुग्णाने व्यायाम वर्ज्य करावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे, आणि मांडी व नडगीच्या भग्नासाठी पाच खुंट्यांचे कपाटशयन सांगितले आहे. यांचा आधार घेऊन दोन-तीन महिने गुडघा हलू न देणारे वैद्य आम्ही पाहिले आहेत. पण त्याच चिकित्सास्थानाच्या तिसऱ्या अध्यायात तळहाताच्या भग्नासाठी काय सांगितले आहे? आधी हातात मातीचा गोळा धरावा, पुढे मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. क्रमाक्रमाने वाढत जाणाऱ्या हालचालीचा याहून स्पष्ट उपदेश कोणता असू शकेल? वर्ज्य आहे ते शरीर थकविणारे श्रम. सांध्याला बळ देणारी क्रमिक हालचाल वर्ज्य नाही. बंधनाबाबतही आचार्यांनी थंडीच्या ऋतूत दर सात दिवसांनी, साधारण ऋतूत पाच दिवसांनी आणि उष्ण ऋतूत तीन दिवसांनी बंध बदलण्यास सांगितले. सैल बंधाने सांधा स्थिर होत नाही आणि घट्ट बंधाने सूज, वेदना व पाक होतो, अशी सूचनाही दिली. म्हणजे वैद्याने अवयव वारंवार उघडून डोळ्यांनी पाहावा, ही शास्त्राची अपेक्षा आहे. बांबूच्या कामट्या बांधून रुग्णाला महिनाभराने या असे सांगणे या अपेक्षेत बसत नाही.

येथे एक आधुनिक बाब ध्यानात घ्यावी. १९५८ साली स्वित्झर्लंडमधील शल्यचिकित्सकांनी एओ हा अभ्यासगट स्थापन केला. अस्थिभग्नात पट्टी आणि स्क्रू बसवण्याच्या त्यांच्या तत्त्वांपैकी एक प्रमुख तत्त्व असे, की हाड घट्ट धरले गेले म्हणजे सांधा लवकर हलवता यावा. पट्टी बसवायची ती एवढ्यासाठी. ज्या रुग्णाच्या पायात पट्टी आहे, त्याचा पाय शल्यचिकित्सकाने मनाई केली नसताना तीन महिने ताठ ठेवणे म्हणजे शस्त्रकर्माची जोखीमही घेणे आणि त्याचा लाभही दवडणे होय.

दुसरी चूक याच्या उलट, अति बळाची. स्नेह-स्वेदाने वाळलेले लाकूडही वाकवता येते, हा चरकसंहितेतील दृष्टांत आपल्या सर्वांच्या जिभेवर असतो. त्याचा आधार घेऊन जखडलेल्या गुडघ्यावर जोरकस मर्दन करणे आणि झटका देऊन तो वाकवणे हे प्रकार सर्रास चालतात. दृष्टांतातील लाकूड क्रमाने आणि योग्य रीतीने वाकवावयाचे आहे, हे विसरले जाते. नव्याने मार लागलेल्या स्नायूवर जोराने मालिश केल्यास तेथे हाडासारखा कठीण थर तयार होऊ शकतो, आणि मग जो ताठरपणा येतो तो पहिल्यापेक्षा वाईट असतो. पट्टी बसवलेले हाड अर्धवट जुळलेले असताना दिलेला झटका ते पुन्हा मोडू शकतो. सांधा गरम, सुजलेला आणि रागावलेला असताना दामटून केलेला व्यायामसुद्धा व्रणवस्तूला खतपाणीच घालतो. शस्त्रकर्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोटरी सुजली व दुखू लागली, तर तेथे शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पोटरीला तेलाचा हात लावणे जिवावर बेतू शकते. असा रुग्ण तत्काळ रुग्णालयात धाडावा.

तिसरी चूक विलंबाची, आणि ती आमच्या स्वतःच्या हातून घडलेली आहे. उधव्याच्या परिसरातील एक तरुण कामगार दुचाकीवरून पडला. नडगीच्या हाडाचे वरचे टोक मोडले होते. पट्टी बसवून तो घरी आला आणि हाड हलेल या भीतीने घरच्यांनी पाय उशीवर सरळ ठेवला. आमच्याकडे आला तेव्हा तीन महिने उलटले होते आणि गुडघा जेमतेम ३५ अंश वाकत होता. हाड जुळल्याचे चित्र हातात धरून त्याची आई आम्हांला विचारीत होती, की हाड जुळले आहे तर पाय का वाकत नाही. आम्ही अभ्यंग, पत्रपिंड स्वेद, जानुबस्ती असे सर्व काही दोन महिने मनोभावे केले. वेदना कमी झाली, त्याला बरे वाटू लागले, आणि त्याच्या बरे वाटण्यावर आम्हीही विसंबलो. दोन महिन्यांनी कोनमापक लावला तेव्हा आकडा ४० होता. तेव्हा कोठे आम्ही त्याला शल्यचिकित्सकाकडे पाठवले. चिकटलेले भाग मोकळे करण्याचे दुसरे शस्त्रकर्म करावे लागले. आज त्याचा गुडघा सुमारे १०० अंश वाकतो. तो दुचाकी चालवतो, कारखान्यात उभे राहून काम करतो. परंतु आवणीच्या दिवसांत घरची सगळी माणसे खाचरात उतरली, की राबातली रोपे उकिडवे बसून उपटण्याचे काम त्याला जमत नाही. ते दोन महिने आम्ही घालवले नसते, तर कदाचित त्याला अधिक मिळाले असते. पहिल्याच दिवशी कोन मोजून पत्र लिहिणे आमच्या हातात होते.

या ठिकाणी अंशांचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे. सपाट रस्त्यावर चालण्यास गुडघा सुमारे ६५ ते ७० अंश वाकला तरी पुरते. जिना चढण्या-उतरण्यास व खुर्चीतून उठण्यास ९० अंश किंवा थोडे अधिक लागतात. शहरातील रुग्णाचे आयुष्य बहुतांशी येथे संपते. उकिडवे बसण्यास मात्र १२० अंशांहून पुष्कळ अधिक वाकावे लागते. शेत, चूल, शौचाला बसणे, अंगणातली पंगत, ताडावरची चढण, तारप्याचा नाच, हे सर्व या वरच्या अंशांत आहे. मुंबईच्या कागदावर जो गुडघा यशस्वी ठरतो, तो उधव्यात माणसाला अर्धा बेकार करून ठेवू शकतो. आणि गुडघा पूर्ण सरळ न होणे हे तर त्याहून त्रासदायक. दहा अंशांचाही वाक राहिला तर प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणलेला राहतो, माणूस लंगडतो आणि लवकर थकतो. म्हणून आधी सरळ होणे जपावे, मग वाकणे वाढवावे.

महाराष्ट्रात गुडघ्याच्या शस्त्रकर्माची चर्चा घरोघरी पोहोचली ती २००० साली. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्याचे प्रत्यारोपण मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी केले. दुसऱ्या गुडघ्याचे २००१ च्या जूनमध्ये झाले. तेव्हापासून प्रत्यारोपण करावे की न करावे यावर वाद घालणारे पुष्कळ झाले. पुढचे सहा आठवडे रोज काय करावे लागते, हे विचारणारे मात्र आजही थोडेच भेटतात. जखडलेला गुडघा भूल देऊन वाकवण्याची क्रिया प्रत्यारोपणानंतर साधारणतः पहिल्या तीन महिन्यांत केली तर अधिक उपयोगी पडते. नंतर तंतू पक्व होतात आणि बळ लावल्यास हाड मोडण्याचा वा स्नायुकंडरा तुटण्याचा धोका वाढतो. म्हणजे दवडलेला महिना पुढे भरून काढता येत नाही.

मग आपले औषध निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही, पण त्याची जागा ओळखली पाहिजे. महानारायण किंवा सहचर तेलाचा अभ्यंग, मृदू स्वेद, लाक्षादि गुग्गुळ, अस्थिशृंखला यांचा उपयोग आपण पिढ्यान्‌पिढ्या करीत आलो आहोत. व्रण पूर्ण भरल्यावर केलेल्या हलक्या अभ्यंगाने त्वचा आणि त्वचेखालचा भाग मोकळा होतो. कोमट स्वेदाने वेदना शमते, स्नायू सैलावतो आणि पुढची हालचाल सोसवते. हा लाभ लहान नाही. दीर्घकाळ सुटलेले सांधे आधी स्निग्ध, स्विन्न व मृदू करावेत आणि मगच जागेवर आणावेत, असे सुश्रुतांनीच सांगितले आहे. स्नेह-स्वेद हे तेथे पूर्वकर्म आहे. आपण मात्र पूर्वकर्मालाच प्रधानकर्म करून बसलो आहोत. सांध्याच्या आत पक्व झालेली व्रणवस्तू बाहेरून चोळलेल्या तेलाने विरघळते, असे सिद्ध झालेले नाही, आणि तसे रुग्णाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तेल लावल्यावर पंधरा मिनिटे गुडघा हलवला नाही, तर ते तेल वाया गेले असे समजावे.

औषधिनिर्माते व विक्रेते बंधूंनाही नम्रपणे काही सांगावयाचे आहे. गुडघ्याचे तेल मागणारे गिऱ्हाईक समोर आले, की तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मार लागून किंवा शस्त्रकर्म होऊन किती दिवस झाले? जखम ओली आहे काय, ताप किंवा पोटरीला सूज आहे काय? रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहा आठवड्यांच्या आतले असेल, तर बाटलीबरोबर चार शब्द द्यावेत: जोराने चोळू नका, आणि वैद्याला किंवा शल्यचिकित्सकाला गुडघा दाखवा. दुसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर बाटली देऊ नये, रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर वैद्याच्या सल्ल्यावाचून गुग्गुळकल्प देऊ नये. एखादी बाटली कमी विकली जाईल. पण त्या घराचा विश्वास दुकानावर पिढीभर राहील.

वैद्यबंधू-भगिनींना आमची विनंती चार गोष्टींची आहे. गुडघ्याची इजा किंवा शस्त्रकर्म झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर दर भेटीत दोन आकडे लिहावेत: गुडघा किती सरळ होतो आणि किती वाकतो. कोनमापक स्वस्तात मिळतो. तो नसेल तर रुग्णाला सपाट निजवून गुडघ्यामागे किती बोटे शिरतात आणि टाच नितंबापासून किती वितींवर राहते, हे मोजावे. दुसरे असे, की रुग्णालयाचा कागद स्वतः वाचावा, न समजल्यास शल्यचिकित्सकाला दूरध्वनी करून कोणती हालचाल चालेल ते विचारावे आणि रुग्णाला त्याच्या बोलीत समजावून सांगावे. हालचालीची परवानगी असेल, तर टाचेखाली गुंडाळी ठेवून गुडघा सरळ सोडणे, मांडी आवळून धरणे, वाटी बोटांनी हलकेच चारी दिशांना सरकवणे आणि खाटेच्या कडेला बसून पाय खाली सोडणे एवढे चार व्यायाम घरात कोणालाही शिकवता येतात. ते दिवसातून अनेकदा, थोडे थोडे करावेत. व्यायामानंतरचे दुखणे थोड्या वेळात शमले तर तो व्यायाम. रात्रभर ठणका राहिला व सकाळी सूज वाढली तर ती नवी इजा, असे रुग्णाला सांगावे. तिसरे, पहिल्या सहा आठवड्यांत जोरकस मर्दन व झटका पूर्णपणे वर्ज्य करावा, आणि गावातील हाडवैद्यालाही हे मानाने बोलावून समजावावे. त्याचा अपमान करून काही साधत नाही; रुग्ण प्रथम त्याच्याकडेच जाणार आहे. चौथे, सहा आठवडे होऊनही गुडघा ९० अंश वाकत नसेल, किंवा पूर्ण सरळ होत नसेल, किंवा सलग दोन आठवडे आकडा जागचा हलत नसेल, तर आकड्यांसह पत्र देऊन रुग्णाला शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. असे पत्र देण्यात आपला कमीपणा नाही.

काही बंधू म्हणतील, की दुसऱ्यांनी केलेल्या शस्त्रकर्माचे ओझे आपण का वाहावे? आणि रुग्णाला पुन्हा तिकडेच पाठवायचे, तर आपली चिकित्सा ती कोणती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की रुग्ण आपल्या गावचा आहे आणि ते सहा आठवडे त्याच्या जवळ दुसरे कोणीही नाही. सिल्वासाला रोज जाऊन यायचे तर भाडेही जाते आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. हे त्याला परवडत नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की ज्या रुग्णाला आपण वेळीच हलते ठेवले, त्याला बहुधा पुन्हा पाठवावेच लागत नाही. गुडघा न जखडू देणे हीच आपली चिकित्सा आहे. ती कोणत्याही बाटलीत मिळत नाही आणि तिची जाहिरातही होत नाही, म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही.

संघटनेने या विषयावर मराठीत आणि शक्य तर वारली बोलीत, चित्रांसह एक पानी सूचनापत्र काढावे व ते तलासरी-डहाणूसारख्या भागांतील आपल्या सभासदांना आणि औषधांच्या दुकानांना पाठवावे, असा आमचा प्रस्ताव आहे. तोवर वाट पाहण्याचे कारण नाही. उद्या चिकित्सालयात जो पहिला ताठ गुडघा येईल, त्याचे दोन आकडे कागदावर लिहून आरंभ करता येईल.